तीन ठोके आणि एक

पूर्वी वेत्रपुरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे मंत्री होते. त्यांचं नाव सुनेत्र. भाद्रपदातल्या एका सकाळी, सूर्य उगवून बरोबर चौथी घटका भरली, तेव्हा नदी चढू लागली आणि नदीकाठचा ढोल वाजायला हवा होता. तो वाजला नाही.

खालच्या अंगाच्या बेटावर सुलसा आपल्या तान्ह्या लेकीला पाळण्यात घालून भात कांडत होती. पायाला गार लागलं म्हणून खाली पाहिलं, तर पाणी घरात! लेक उचलली आणि ती तशीच माळ्यावर चढली. दुपारी पाणी ओसरलं. पोर दूध पिऊन निवांत झोपली, पण सुलसा तिच्या उशाशीच बसून राहिली. आज पाय भिजले म्हणून कळलं. उद्या डोळा लागला असला तर?

तीन ठोके, जरा थांबून आणखी एक, म्हणजे पाणी आलं, घर सोडा. बारा गावांनी एकत्र बसून ही खूण ठरवली होती आणि पोरासोरांनाही ती पाठ होती. मग वरच्या गावच्या भद्रक ढोलक्याने ती वाजवली का नाही?

"कशी वाजवू, ताई?" सुलसाने जाऊन विचारलं, तेव्हा भद्रक रडकुंडीला आला. "तो कुंडल व्यापारी ताम्रपट घेऊन आलाय. म्हणतो, हे ठोके माझे. वाजवाल तितक्या वेळा गावाने पोतंभर भात द्यायचा, नाहीतर ढोल जप्त. मी गावाला विचारायला धावलो, तोवर पाणी तुझ्या दारात."

लेकीला कडेवर घेऊन सुलसा दरबारात गेली. ढोल घेऊन भद्रक आणि बारा गावची माणसंही गेली.

"पटावर राजमुद्रा आहे," कुंडल शांतपणे म्हणाला.

बोधिसत्त्वांनी विचारलं, "बारा गावं खूण ठरवायला बसली, तेव्हा तू कुठे होतास?"

"तिथेच. सगळ्यांना विडे मीच दिले."

"आणि हा पट?"

"पेटीत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही."

"विचारणार कसं?" भद्रक म्हणाला. "तोंडात तुमचाच विडा!"

दरबार हसला. सुलसा हसली नाही.

बोधिसत्त्व उठले. "महाराज, त्याची बाजू घ्यावी म्हणून काल कुंडलाने मला निम्मा भात देऊ केला. तो मी नाकारला. पण मोठा दोष माझाच आहे. कोणालाही न विचारता या पटावर मुद्रा मी उमटवली. मला दंड करा."

"दंडाचं पाहू," राजा म्हणाला. "पण दिलेला शब्द परत कसा घेऊ?"

"घेऊ नका. कुंडल, वाजव तुझे ठोके."

कुंडलाने ढोल ओढला. तीन ठोके, आणि एक. आवाज घुमतो न घुमतो तोच सुलसा लेकीला छातीशी धरून गच्चीच्या जिन्याकडे धावली, आणि बारा गावं तिच्या मागे. अर्ध्या जिन्यावर ती थांबली, ओशाळली.

"ही तुझ्या ढोलाला नाही धावली," बोधिसत्त्व म्हणाले. "बारा गावांनी एकमेकांना दिलेल्या शब्दाला धावली. ठोके तू ठेव. गावं आजच दुसरी खूण ठरवतील, मग तुझ्या ठोक्यांना कोणी मानही वळवणार नाही."

"मग मी ते घेऊन करू काय?"

"म्हशींपुढे वाजवा की, शेटजी," भद्रक म्हणाला. "त्या कान तरी हलवतील."

कुंडलाने ढोल बाजूला सारला. मग त्याने पट राजापुढे ठेवला. "परत घ्या. खूण आहे तशीच राहू दे."

राजाने आज्ञा केली की सगळ्यांसाठी खूण ठरवायला जो बसेल त्याने आपला पट आधी दाखवावा. मागाहून काढलेला चालणार नाही. मंत्र्याला दंड झाला तो असा, की नव्या पटावर मुद्रा उमटवण्याआधी बारा गावं पायी फिरून विचारायचं. तो त्यांनी आनंदाने घेतला.

चौथ्या दिवशी ढोल वाजला. पाणी बेटावर चढलं, तेव्हा सुलसा लेकीला घेऊन टेकडीवर बसली होती. आपलं घर भिजताना पाहूनही तिला, काय सांगावं, इतकं हायसं वाटलं!

एवढं सांगून भगवान शास्ते विहारात जमलेल्यांना म्हणाले, "आज गावच्या विहिरीला कुलूप लावायला निघालेला गृहस्थ म्हणजे तेव्हाचा कुंडल. विहारात घंटा वाजवणारा भिक्खू म्हणजे भद्रक. लेकीला मांडीवर घेऊन ऐकत बसलेली ही उपासिका म्हणजे सुलसा. आपली चूक भरदरबारात सांगणारा मंत्री मी होतो." ही सत्यपारमिता, सत्य बोलण्याची पराकाष्ठा.

जिथे जिथे माणसं सगळ्यांच्या उपयोगाची खूण ठरवायला बसत असतील, तिथे आधी ही गोष्ट सांगा.