म्हाळूनं निवडलेली वरची प्रत

अर्धं सांगायचं, उरलेलं समोरच्यानं ओळखायचं. आणि तो चुकला की वेडा कोण? तोच! काही लोक हेच करत आलेत. नाव कुणाचंच घेत नाही. ज्याला लागेल त्यानं गोष्ट संपेपर्यंत गप्प बसावं.

तर घाटातल्या एका गावात एक भोळा दीर होता. नाव म्हाळू. त्याच्या वहिनीची, रेवतीची, चहाची टपरी होती. डोंगरावरच्या हॉटेलची मालकीण एकदा तिथे थांबली आणि म्हणाली, "आमच्या पाहुण्यांना मॅचा लागतो. जपानी हिरव्या चहाची पूड. येत्या रविवारी करून दाखव. आवडला तर रोजचं काम तुला."

टपरी जेमतेम चालत होती. हे काम नाही मिळालं तर ती विकायची, असं वहिनीनं ठरवूनच टाकलं होतं.

तिनं म्हाळूला बाजारात पाठवलं. "मॅचात वरची, हलकी अशा प्रती असतात, भाऊजी. सगळ्यात हिरवीगार पूड आणा. फिकट, पिवळसर नको."

"बरं वहिनी, लक्षात ठेवलं."

दुकानात मॅचा होता. हिरवा होता. पण शेजारच्या दुकानातली रांगोळी त्याहून हिरवी होती. म्हाळूनं रांगोळी आणली.

वहिनीनं कपाळावर हात मारला. "अहो, नुसता रंग काय बघता? बोटांवर चोळून बघायचं! मऊ रेशमी लागली तर चांगली. खरखरीत लागली तर हलकी."

"बरं वहिनी, लक्षात ठेवलं."

दुसऱ्या दिवशी तिनं उपम्याला रवा मागवला. म्हाळूनं रवा चोळला. खरखरीत. दुसरं पोतं उघडायला लावलं. तेही खरखरीत. मग दुकानदाराशी कडाकडा भांडून तो अंगाला लावायची पावडर घेऊन आला.

"वास तरी घ्यायचा होतात!"

"घेतला की. गुलाबाचा आहे."

"अहो, मॅचाला कोवळ्या गवताचा वास यायला हवा! तो आला तर ताजा."

"बरं वहिनी, लक्षात ठेवलं."

संध्याकाळी दूध आणायला गेला. गवळ्याच्या कॅनला नाक लावलं. दुधाचा वास. म्हशीच्या तोंडाला नाक लावलं. कोवळं गवत! म्हाळूनं म्हैस आणली.

शेवटी वहिनी स्वतः शहरात गेली आणि दोन डबे घेऊन आली. "हे बघा भाऊजी, ही वरची प्रत. ही हवेनं, उजेडानं बिघडते. अंधारात, गार जागी, घट्ट बंद करून ठेवायची. आणि ही हलकी. ही स्वयंपाकघरात. दुधात, शिऱ्यात खपते."

"बरं वहिनी, लक्षात ठेवलं."

रविवारी गाडी आली. मालकीण उतरली, मागून तिचा मॅनेजर. वहिनी आत पाणी उकळत होती. तिथूनच ओरडली, "भाऊजी, मोठी माणसं आहेत. नीट बघा त्यांच्याकडे!"

म्हाळूनं नीट बघितलं. बाईंची साडी हिरवीगार. साहेबांचा शर्ट फिकट, पिवळसर. बाईंचा पदर चिमटीत चोळला. रेशमी. साहेबांचा गाल चोळला. दाढीचे खुंट. खरखरीत!

"अरे, काय करतोस?" साहेब ओरडले.

"गप्प बसा. तुम्ही हलके आहात."

वहिनी ट्रे घेऊन बाहेर आली. बाकं रिकामी. दारात फक्त गाडीचा ड्रायव्हर साधा चहा पीत उभा.

"भाऊजी, पाहुणे कुठे गेले?"

"वरची प्रत मागच्या कोठीत ठेवली. अंधार आहे, गारवा आहे. कुलूप लावलं, फटींत बोळे कोंबले. हलकी प्रत स्वयंपाकघराच्या मागच्या दारी बसवली आहे. दुधात घालत होतो, पण साहेब पातेल्यात मावेनात."

कोठीच्या दारावर आतून धडाधड बुक्के बसू लागले. वहिनीनं ट्रे बाकावर टेकवला. ती किल्लीसाठी धावली.

ड्रायव्हरनं बशीत चहा ओतला आणि शांतपणे फुंकर मारली.

"ताई, काम तर तुमचं गेलंच. आता कुलूप जरा सावकाश काढा, माझा चहा अजून गरम आहे."