दुसरी पाचर

“पण नवस बोलताना नेमके शब्द काय होते तुझे?”

शेवंताक्का बाभळीची वाळकी लाकडं निवडत होती. भैरूबाबांच्या प्रश्नासरशी तिचा हात थांबला. ते शब्द ती कसे विसरेल? रोज सांजेला दिवा लावताना तेच तर ओठांवर यायचे.

“‘माझा मल्हारी माघारी येऊ दे. त्याच्या हातानं हा चिंचेचा ओंडका फुटू दे. पहिली ढलपी मठाच्या धुनीला वाहीन. तोवर याला दुसरा हात लागू देणार नाही.’ असं बोलले होते, बाबा.”

“दुसरा म्हणजे कुणाचा?”

“कुणाचाच नाही. माझासुद्धा.”

“बरं…”



भैरूबाबा डोंगरावरच्या मठात एकटेच राहायचे. धुनीचं जळण संपलं की खाली उतरायचे, शेवंताक्काच्या वखारीतून लाकडं घ्यायचे, आपली मोळी आपणच बांधायचे आणि डोक्यावर घेऊन वर चढायचे. फार बोलणारे नव्हते. तरी कुणाचं काही अडलं की गाव त्यांनाच विचारायचं.

आज शेवंताक्काचं अडलं होतं.

नवऱ्यामागं तिनं वखार एकटीनं सांभाळली. लग्नाचे आचारी, पावाची भट्टी, एस.टी. स्टँडसमोरची खानावळ, सगळे तिच्याकडूनच जळण नेत. तिच्याकडं वाळकं म्हणजे वाळकंच मिळायचं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून ती आवाज ऐकायची आणि मगच काट्यावर टाकायची. पण आता उजवा खांदा वर जाईना. कुऱ्हाड धरायला माणूस मिळेना, मिळाला तर दुसऱ्या दिवशी येईना. खानावळवाल्या रखमाजीनं तर तोंडावर सांगितलं होतं, “आक्का, जळण वेळेवर येत नसेल तर मी गॅस घेतो. मग रुसू नको.”

म्हणून लाकूड फोडायचं मशीन घ्यायचं ठरलं. दुकानदाराचा माणूस आज उन्हं उतरल्यावर विसाराचे आगाऊ पैसे न्यायला येणार होता. मशीनं दोन होती. एक लहान, विजेवर चालणारं. दुसरं मोठं, ट्रॅक्टरला जोडायचं. दोन्हींच्या चित्रांचे कागद तिनं बाबांसमोर ठेवले होते.

बाबांनी लहान मशीनच्या चित्रावर बोट ठेवलं.

“हे काय फोडतं?”

“वखारीत येतं ते सगळं. बाभूळ, जांभूळ, आंबा… सगळंच.”

“आणि हे मोठं?”

“हेही तेच.”

“मग मोठं कशाला?”

शेवंताक्का पदराशी चाळा करत राहिली.

“लहानात तो ओंडका बसत नाही, बाबा.”

वखारीच्या कोपऱ्यात पत्र्याच्या सावलीला चिंचेचा तो ओंडका उभा होता. जाडजूड, गाठींनी भरलेला. माथ्यावर दोन लोखंडी पाचरी शेजारी शेजारी रुतलेल्या. मल्हारीनं ठोकलेल्या. घणाचे घाव घालून घालून तो घामानं निथळत होता आणि तेवढ्यात बडोद्याच्या कारखान्यातून नोकरीवर बोलावल्याचा फोन आला. संध्याकाळची गाडी पकडायची होती. घण तिथंच टाकून तो म्हणाला होता, “आई, याला कुणी हात लावायचा नाही हां. माझा गडी आहे हा. सुट्टीला आलो की बघतोच याच्याकडं.”

सुट्ट्या आल्या आणि गेल्या. मल्हारीचे फोन यायचे, पैसे यायचे, सुनेनं नातीचे फोटो पाठवले. मल्हारी तेवढा आला नाही. कधी कामाची पाळी बदललेली असायची, कधी नातीची शाळा.

शेवंताक्का मात्र थांबली होती. पावसाळ्यात ओंडक्यावर प्लास्टिकचा कागद लांबून काठीनं सरकवायची. खंडेनवमीला कुऱ्हाडींना हळदकुंकू लावायची, पण त्या पाचरींवर फूल वरूनच सोडायची. बोट लागू नये म्हणून.

“मल्हारी काय म्हणतो?” बाबांनी विचारलं.

“त्याचं काय… म्हणतो, आई, लहानच घे. खांदा सांभाळ.”

“ओंडक्याचं काही बोलतो?”

मागच्या दिवाळीत तिनं फोनवर ओंडक्याची आठवण काढली होती. पलीकडून मल्हारीनं विचारलं होतं, “कुठला ओंडका?” पण हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. देवाजवळसुद्धा नाही.

“त्याला लहानपणापासून मशीनचं वेड,” ती म्हणाली. “आल्यावर मोठं मशीन बघेल, ओंडका त्यात घालेल… हरखून जाईल, बाबा. मग पाय निघेल का त्याचा?”

“ट्रॅक्टर आहे तुझ्याकडं?”

“नाही.”

“मग ते चालणार कशावर?”

“मल्हारी आला की घेईल की ट्रॅक्टर.”

बाबा हसले. मोठ्यानं नाही, मिशीतल्या मिशीत.

“हसू नका, बाबा.” शेवंताक्काचा आवाज ताठ झाला. “सोळा सोमवार केले, उद्यापन केलं. संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय घास घेतला नाही. मल्हारी पोटात होता तेव्हा बोललेला नवस चालत जाऊन फेडला. आजवर माझा एक नवस मोडलेला दाखवा. हाही मोडणार नाही.”

“मोड म्हणालो का मी?”

“नाही…”

“मोळी बांधायला सुतळी दे.”

तिनं इकडंतिकडं पाहिलं. नेमका सुतळीचा गुंडा संपला होता. बाबांनी तिच्या कमरेकडं बोट दाखवलं. तिथं खोचलेल्या सुतळीचं टोक बाहेर लोंबत होतं.

“ही नको, बाबा. ही मापाची आहे.”

“कशाच्या मापाची?”

शेवंताक्का ओशाळली. ओंडक्याला हात लावायचा नाही, म्हणून त्याच्या सावलीशेजारी वाकून, नजरेनं अंदाज घेत घेत तिनं ते माप घेतलं होतं. तीच सुतळी घेऊन ती दुकानात गेली आणि एकेका मशीनच्या जबड्याला लावून बघत बसली. दुकानातला माणूस म्हणाला होता, “मावशी, एवढे मोठे ओंडके रोज येतात काय तुमच्याकडं?” तेव्हा ती म्हणाली होती, “एकच आहे. पण तो आहे.”

बाबांनी हात पुढं केला. मागं घेतला नाही.

तिनं सुतळी कमरेतून काढली. क्षणभर मुठीत धरली… आणि दिली.

बाबांनी बाभळीची लाकडं सारखी केली, सुतळीचा फास घातला, गुडघा देऊन मोळी आवळली. माप गेलं मोळीभोवती.

मग ते उठले आणि कोपऱ्यातल्या ओंडक्यासमोर जाऊन उभे राहिले.

“बाबा…”

ते वाकून ओंडक्याकडं बघत होते.

“शेवंता, लाकूड वाळलं की काय होतं?”

हे काय विचारणं झालं? वखारीत जिचे केस पांढरे झाले तिला?

“आकसतं. तडकतं.”

“कुणी फोडलं नाही तरी?”

“कुणी फोडलं नाही तरी.”

“हा वाळला का?”

वखारीतल्या हरएक लाकडाचा आवाज तिनं ऐकला होता. याचा तेवढा ऐकला नव्हता.

बाबांचा हात ओंडक्याकडं गेला.

“नको, बाबा. दुसरा हात…”

बाबांनी डावीकडची पाचर दोन बोटांत धरली आणि वर उचलली. घण नाही, हिसका नाही. देवापुढच्या तांब्यातून पळी काढावी तशी ती निघून आली. पाचरीच्या दोन्ही अंगांनी ओंडका केव्हाचाच उकलला होता. वरून खालपर्यंत गेलेल्या चिरेत कोळ्याचं जाळं होतं. खंडेनवमीची सुकलेली झेंडूची फुलं होती. एकावर एक. वर्षावर्षाची.

शेवंताक्का खाली बसली.

“हात लागला…” ती पुटपुटली. “माझा नवस…”

“माझा हात लागला. मठातल्या नाथांपुढं जाब द्यायला मी उभा राहीन.”

बाबांच्या बोटांना गंजाचा तांबडा रंग लागला होता. त्यांनी पाचर तिच्या ओंजळीत ठेवली. केवढीशी होती ती. मल्हारीनं ठोकली तेव्हा केवढी मोठी वाटली होती.

ती पाचर तिनं पदरानं पुसली. पुसत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण रडण्याचा आवाज नव्हता.

“तो येणार नाही का हो, बाबा?”

वखारीबाहेर मोटरसायकल थांबली. दुकानदाराचा माणूस कागदांची पिशवी सावरत दारात आला आणि बाबांना बघून चपला काढून तिथंच उभा राहिला.

“आक्का,” तो हळूच म्हणाला, “मोठंच लिहू ना?”

शेवंताक्कानं हातातली पाचर बघितली. मग बाबांच्या मोळीभोवतीची सुतळी बघितली. मग ओंडक्यात उरलेली ती एक पाचर.

“जरा थांब, बाळा…”

बाबांनी मोळी डोक्यावर घेतली. तोल सावरला. दाराशी गेले, आणि मान न वळवता म्हणाले,

“एक मी काढली, शेवंता. तशीच दुसरी तू काढ.”