पिंपळवेढ्याच्या वेशीवरची रिकामी अंबारी

त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी पिंपळवेढ्यात आलेला पाहुणा वेशीसमोर मान वर करून उभा राहतो. नगरपालिका यंत्रातून रंगीत उजेड सोडते आणि दगडी भिंतीवर हत्ती उमटतो. पाठीवर अंबारी, पण अंबारीत कुणी नाही. बसणारा कुठे गेला, असं पाहुणे विचारतात. शेजारच्या पाटीवर लिहिलंय की जुन्या चित्रातला तेवढा भाग काळाच्या ओघात झिजला. पाटी लिहिणाऱ्याला काय कळतं! तो झिजला नाही, त्याला उतरवला.

ही वेस दुहेरी भिंतीची. मधे एक माणूस आडवा सरकेल एवढीच पोकळी. पुढच्या भिंतीला बारीक भोकं आहेत. प्रत्येक भोकामागे पणती ठेवली की बाहेरून हत्ती दिसे आणि अंबारीत बसलेले नागोजीराव, म्हणजे वेस बांधणारे गावचे मालक. पणत्या लावायचं काम तेल्याच्या सुनेचं. ती आत शिरली की मागचं दार लावून बाहेरून अडसर घालत, कारण वाऱ्याची झुळूक आली तर हत्ती विझायचा. तेल जळून संपलं की मगच अडसर निघे.

त्या घरच्या राही नावाच्या सुनेनं हे सात वर्षं केलं असं सांगतात. तिची सासू त्याच धुरानं खोकून खोकून गेली होती. आत नाक एका भिंतीला, पाठ दुसऱ्या भिंतीला. खाली बसायचीही सोय नाही. बाहेर गाव वाहवा करी आणि राही एकेका भोकाशी तोंड नेऊन श्वास घेई.

सातव्या वर्षी मालकाच्या कारभाऱ्यानं तिच्या नऊ वर्षांच्या ठकूचे खांदे सुतळीनं मोजले.

"राहे, तू जाड झालीस. पुढल्या सालापासून ही."

"कारभारी, दार तरी उघडं ठेवा."

"दार उघडं ठेवलं तर हत्तीचा कान विझतो, बाई. तुझ्या पोरीचा खोकला मोठा की हत्तीचा कान?"

राही आत शिरली. पणत्या हलू नयेत म्हणून तिच्याजवळ ओल्या चिकणमातीचा गोळा असे. हत्ती उजळला, गाव जमलं, आणि मग तिनं पहिली चिमूट नागोजीरावांच्या पागोट्याच्या भोकावर लिंपली. दुसरी मिशांवर. बघता बघता अंबारी रिकामी झाली.

"अगं बाई, हत्तीनं मालक पाडला!" कुंभारीण ओरडली आणि सगळं गाव खदखदून हसलं.

नागोजीराव उठले. "परत उजळव!"

आतून आवाज आला, "ठकूला आत घालणार नाही म्हणा. मग उजळवते."

मालकानं शब्द दिला नाही. हत्तीची शेपूट गेली. मागचे पाय गेले. लोक हसतच होते. कुंभारीण मात्र पुढे सरली. भट्टीची भोकं बुजवली की आत काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"मेल्यांनो, हसताय काय! ती स्वतःचा वारा बुजवतेय!"

आत राहीचा ऊर भात्यासारखा चालला होता, म्हणे. हात थांबू बघत होता, तिनं थांबू दिला नाही. शेवटी एकच भोक उरलं, हत्तीचा डोळा. त्याला तोंड लावून ती म्हणाली, "अजून एक आहे, मालक."

"अडसराला कुणी हात लावायचा नाही!" नागोजीराव गरजले.

कुंभारणीनं लावला. मग तिच्या जावेनं, मग आणखी चौघींनी. वारा आत घुसला, उरलेलं सगळं विझलं, आणि काळोखातून राही आडवी सरकत बाहेर आली. मालकानं शब्द शेवटपर्यंत दिला नाही. त्याची गरजही उरली नाही, कारण बायकांनी अडसर फोडून चुलीत घातला. पुढे हत्तीची भोकं मोकळी केली, मालकाची मात्र बुजलेलीच ठेवली.

कुणी सांगतात, ती उंबऱ्यातच गेली. साफ खोटं. ती जगली, तिनं ठकूची लेकरं खेळवली. मेलेल्या बाईचं देऊळ बांधता येतं, म्हणून लोकांना ती मेलेली बरी वाटते.

आजही त्या पोकळीच्या दाराला कडी नाही. उजेडाच्या यंत्राच्या वायरी आतून नेल्या तेव्हा नगरपालिकेनं कुलूप लावलं होतं. दुसऱ्या सकाळी ते विहिरीत गेलं. आजही दिवे लागण्याआधी गावातली एक बाई आत जाऊन उभी राहते आणि ती आपल्या पायांनी बाहेर येईपर्यंत कुणी बटण दाबत नाही. साहेब लोक घड्याळ बघायला लागले, की ती मुद्दाम आणखी थोडी थांबते.