खुडूक कोंबडी आणि लाल गाडी

फार पूर्वी गाड्या, कोंबड्या आणि माणसं एकमेकांशी बोलायची. खरं मात्र तेव्हाही कमीच बोलायची.

घोरपडे तात्यांच्या गोठ्यात एक जुनी लाल स्पोर्ट्स गाडी धूळ खात उभी होती. दर दसऱ्याला सिकंदर मिस्त्री यायचा आणि विचारायचा, "तात्या, करायची का दुरुस्त? आणखी थांबलात तर हाती काही लागणार नाही."

तात्या आत डोकावायचे. सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली असायची. "अरे, खुडूक बसलीय. अंड्यांवरून कसं उठवायचं तिला? पिल्लं निघू देत, मग बघू."

अशी सहा वर्षं गेली. सातव्या दसऱ्याला मिस्त्रीनं गाडीचं दार उघडलं, तर ते हातातच आलं. "आता भंगारात द्या," म्हणून तो निघून गेला.

गाडी कोंबडीवर ओरडली, "भवाने, तुझ्यापायी मेले मी! सहा वर्षांत एक तरी पिल्लू निघालं का?"

"कसं निघेल बाई? दुकानातली अंडी आहेत. मिस्त्री यायच्या आदल्या दिवशी तात्याच आणून ठेवतात आणि मला वर बसवतात."

"मग सरळ नाही म्हणायचं ना त्यांनी!"

"मीपण तेच म्हटलं. तर म्हणाले, नको गं, गाडीला वाईट वाटेल."