खरवसाचा मेल

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात रुग्णांचे रिपोर्ट सर्व्हरवरून मेलने जात, पण उघडेच. वाटेत कुणीही वाचावेत. सर्व्हर सांभाळणाऱ्या वसुधाताई मॅनेजर घारपुरेसाहेबांना सांगून थकल्या, "मेलला कुलूप घालू द्या."

"माझ्या दवाखान्यात कुणी कुणाचं वाचत नाही!" साहेब गरजले. "उगाच कामं वाढवू नका."

"बरं," म्हणत ताई आपल्या खोलीत गेल्या. काळ्या स्क्रीनवर त्यांनी एक कमांड टाइप केली आणि डॉक्टरांना मेल धाडला, 'खरवस आणलाय. सर्व्हररूममध्ये या.'

डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. पण थोड्याच वेळात दार उघडलं. हातात चमचा घेऊन घारपुरेसाहेब उभे!

"खरवस कुठाय?"

"देते की. पण साहेब, मेल तर डॉक्टरांना होता."

चमचा हातातच राहिला. संध्याकाळच्या आत मेलला कुलूप लागलं. खरवसही साहेबांना मिळाला, ताईंचं मन मोठं.

पुढच्याच आठवड्यात माझा रिपोर्ट आला. त्यात काय होतं ते डॉक्टरांना ठाऊक आणि मला. गावाला आजही नाही. म्हणून आमची गाय व्याली की खरवसाची पहिली वाटी वसुधाताईंकडे जाते.