खारट माय ताय

“चव न घेताच तुम्ही ‘पुन्हा कर’ म्हणता, अंकल. ते कशावरून?”

शर्वरी घोरपडेनं शेवटी विचारलंच. दुपारपासून तिसरा ग्लास परत आला होता आणि हिचं नाक रागानं शेंड्यापर्यंत लाल झालं होतं.

इनास लोबो खिडकीपाशी सुपारी कातरत बसले होते, शेजारी त्यांची बायको रुजाय. त्यांनी मानही वर केली नाही.

“रुजाय प्यायली ना.”

“आँटी काही बोलल्याच नाहीत!”

“तेच तर.”

आता घ्या! याला काय उत्तर म्हणायचं?

इनास अंकल एकतीस वर्षं प्रवासी बोटींवर बार सांभाळून वेंगुर्ल्याच्या घरी परतलेले. माय ताय करावी तर लोबोनं, असं या धंद्यातले जुने लोक अजून म्हणतात. तसं बघितलं तर त्या कॉकटेलात आहे काय? रम, कागदी लिंबू, संत्र्याची लिकर, बदामाचं सरबत, आणि चुरलेल्या बर्फावर पुदिन्याची डहाळी. कुणीही घरी करील. शर्वरीनं तर पुण्यात यावर स्पर्धा जिंकली होती, आणि इथं शिकायला आल्याच्या पहिल्याच दिवशी अंकलना कप दाखवून झाला होता. अंकल म्हणाले होते, “छान आहे. फुलं ठेवायला होईल.”

तरी ती तीन दिवस टिकून होती, कारण तिला गरज होती. रविवारी कुंदाताई मोहिते तिच्या घरी येणार होत्या. त्यांच्या नव्या हॉटेलचा अख्खा बार तिच्या हाती द्यायचा की नाही, ते तिथंच ठरणार होतं. बाईंनी बजावलं होतं, “चकचकीत बारमध्ये सगळेच करतात. तुझ्या स्वयंपाकघरात करून दाखव.”

“पुन्हा कर,” अंकल म्हणाले.

शर्वरीनं दात-ओठ खात चौथ्यांदा मांडामांड केली. बर्फ फडक्यात बांधून वरवंट्यानं चुरला. लिंबू पिळून गाळून घेतलं. रम मापून, लिकर मापून, बदामाचं सरबत मापून... थेंब इकडचा तिकडे नाही. शेकर असा हलवला की फडताळातल्या बशा किणकिणल्या.

बारवाल्यांची एक रीत असते. ग्लास पुढं करण्याआधी त्यात पोकळ काडी बुडवायची, काडीचं वरचं तोंड बोटानं दाबायचं आणि आत अडकलेले चार थेंब स्वतःच्या जिभेवर सोडायचे. शर्वरीनं काडी बुडवली, थेंब घेतले, डोळे मिटले.

“परफेक्ट,” ती म्हणाली.

रुजाय आँटीनं घोट घेतला आणि उठून धावतच मोरी गाठली.

“मेल्या इनास! मीठ घातलंस की काय यात?”

“बदामाच्या सरबतात,” अंकल शांतपणे म्हणाले. “ही बर्फ चुरत होती तेव्हा. दोन चमचे.”

“आणि मला सांगायची काही पद्धत?”

“सांगितलं असतं तर तू प्यायली असतीस?”

आँटी चुळा भरत आणि शिव्या घालत राहिली. शर्वरी मात्र जागची हलली नाही. काडी तिच्या हातातच होती.

...

“कधीपासून गो, बाय?” अंकलनी विचारलं.

आधी तिनं नाही नाही म्हटलं. मग म्हणाली, सर्दी आहे जरा. आणि मग एकदम ओट्याला टेकून रडायलाच लागली.

“मार्चमध्ये ताप आला होता. तेव्हापासून वास नाही, चव नाही. जिभेला नुसतं गार-गरम कळतं. डॉक्टर म्हणतात येईल परत, थांबा. किती थांबू? कुणाला सांगितलं नाहीये मी. आईलासुद्धा नाही.”

“मग काडी कशाला बुडवतेस?”

“सगळे बघत असतात म्हणून.”

आँटीनं पदराला हात पुसले आणि पोरीच्या पाठीवर ठेवला. अंकलवर डोळे वटारायचे राहिले होते, तेही करून घेतलं.

“संपलं माझं,” शर्वरी म्हणाली. “चव न कळणारी बारवाली! लोक हसतील. तुम्हाला नाही कळायचं ते, अंकल. तुमची जीभ...”

“माझ्या जिभेला रम ठाऊक नाही.”

शर्वरीनं डोळे पुसता पुसता वर बघितलं.

“म्हणजे?”

“बोटीवर निघालो तेव्हा आईनं क्रुसासमोर उभं करून शपथ घातली. दारू प्यायची नाही. नाही प्यायलो.”

“एकतीस वर्षं?”

“आज धरून जास्तच झाली.”

“माय तायसुद्धा नाही?”

“ती काय लिंबू-सरबत आहे?”

शर्वरीनं आँटीकडे बघितलं. आँटीनं होय म्हणून मान हलवली. “चर्चची वाईनही ओठाला टेकवून परत देतो. पाद्रीसुद्धा थकला सांगून.”

शर्वरीला हसू येईना आणि रडूही आवरेना. ज्या हाताचं एवढं नाव, त्या हाताच्या धन्यानं आपण काय केलं ते कधी चाखलंच नव्हतं! “मग तुम्हाला कळायचं कसं?”

अंकल उठले. खारट सरबताची बाटली त्यांनी मोरीत ओतली आणि सरबताची दुसरी बाटली ओट्यावर ठेवली. मग शर्वरीचे दोन्ही खांदे धरून तिला वळवलं. आता ओट्याकडे तिची पाठ होती आणि समोर होती रुजाय आँटी.

“कर.”

“अहो, माप दिसणार कसं?”

“हाताला माप आहे. तुला कप कशाबद्दल दिला मग?”

तिनं केली. वाकडी मान करून, चाचपडत, अर्धं लिंबू जमिनीवर सांडत. काडी बुडवायला हात गेला आणि थांबला. तिनं ग्लास आँटीच्या हाती दिला.

आँटीनं घोट घेतला. तिचा एक डोळा आपोआप बारीक झाला.

“आंबट,” शर्वरी हळूच म्हणाली. तिनं ग्लासात चमचाभर सरबत सोडलं, ढवळलं.

दुसरा घोट. आँटीनं तो तोंडात धरून ठेवला. गिळायची घाई दिसेना, पण खुशीही दिसेना. जीभ वरच्या ओठावरून एकदा फिरली.

“आता गोड झाली... थांबा, थांबा आँटी, गिळून टाका.” लिंबाचे पाच-सहा थेंब. थोडी रम. मूठभर बर्फ. पुदिना तळहातावर थापटून वर खोचला.

तिसरा घोट.

आँटीचे खांदे खाली आले. तिनं डोळे मिटले, पाय लांब केले. शर्वरीनं ग्लास घ्यायला हात पुढं केला, तर बाईनं तो छातीशी धरला.

“राहू दे,” ती म्हणाली. “तू दुसरी कर.”

शर्वरी खदखदून हसली. मार्चपासून ती अशी हसली नव्हती. नाक अजून बंदच होतं, जीभ अजून मुकीच होती, पण छातीवरचा धोंडा उतरला होता.

“सांगून टाकीन मी कुंदाताईंना,” ती म्हणाली. “चव जाते, येते. लपवायचं काय त्यात? आधी ग्लास देईन, मग सांगेन.”

अंकलनी पुन्हा सुपारी कातरायला घेतली.

ती धावत जाऊन वही घेऊन आली. दुधावरची साय जपावी तशी ती एकेक आकडा आठवून लिहायला बसली. लिंबू किती, वर थेंब किती, सरबत चमचाभर जास्त, रम किती, बर्फ मूठभर. खाली दोन रेघा मारल्या.

“हे बघा अंकल. सापडलं! आता रविवारी अगदी अशीच करते. बरोबर आहे ना?”

अंकलनी वही वाचली. सगळी वाचली. मग तिच्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं.

“हे रुजायचं झालं, बाय. रविवारी कोण येतंय?”