शंभरापैकी चौतीस

आमच्या घाटात वळवींची सुगंधा धावायला लागली की मागून येणारे मोटारसायकलवालेसुद्धा गिअर बदलतात. तिला मी शिकवलंय, म्हणून छाती फुगवूनच सांगतो.

आमच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष बळवंतराव गिरासे यांना मात्र घाट कळत नाही, आकडे कळतात. यंदा त्यांनी प्रत्येक धावपटूच्या मनगटावर घड्याळ बांधलं. रात्रीची झोप आणि नाडी मोजून ते रोज सकाळी शरीराच्या ताजेपणाला शंभरापैकी गुण देतं. एक घड्याळ त्यांनी स्वतःही बांधलं.

राज्य शर्यतीचा संघ निवडायच्या दिवशी सुगंधाचा आकडा आला चौतीस.

"नाव कापा," अध्यक्ष म्हणाले. "पन्नासच्या खालचा कुणीही जाणार नाही. यंत्र खोटं बोलत नाही."

मी उसळून उठणार, तेवढ्यात सुगंधानंच विचारलं, "साहेब, तुमचा आज किती आला?"

"ब्याण्णव!" त्यांनी मनगट सगळ्यांना फिरवून दाखवलं.

"काल काय केलं होतं?"

"काल रविवार. जेवलो आणि झोपलो."

"मी काल घाट दोनदा चढले, म्हणून चौतीस. यंत्र खरंच बोलतंय, आज आराम कर म्हणतंय, आणि मी करणार आहे. शर्यतीला अजून दहा दिवस आहेत. पण संघ आजच्या आकड्यावरच काढायचा असेल, तर माझ्या जागी तुमचं नाव लिहा. मंडळात तुमच्याइतकं ताजंतवानं कुणीच नाही."

अध्यक्षांनी पोटावर ताणलेला सदरा खाली ओढला आणि पेन मागितलं.

ती यादी मी अजून जपून ठेवलीय. पहिलं नाव सुगंधाचं आहे, आणि अक्षर अध्यक्षांचं.